अर्जुनसादड्याची नखभर रेघ

“दार लोटा ते, वारा येतोय!” घारपुरे सर ओरडले. दार त्यांनी स्वतःच उघडं टाकलं होतं, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

टेबलावरच्या स्टँडला बेडकाचं हृदय टांगलेलं होतं. चिंचोक्याएवढं. त्याच्या टोकाला एक दोरा, दोऱ्याला गवताच्या काडीइतकी हलकी लेखणी, आणि लेखणीचं टोक काजळी धरलेल्या कागदावर टेकलेलं. कागद एका पिंपावर गुंडाळला होता आणि ते पिंप सावकाश फिरत होतं. हृदय आकसलं की लेखणी वर जायची आणि काळ्या कागदावर पांढरी उभी रेघ उमटायची. शरीरातून काढलेलं हृदयही मिठाच्या पाण्यावर तासन् तास असं चालत राहतं. मला पहिल्यांदा ते बघताना भीती वाटली होती. आता दोन वर्षांनी त्याची इतकी सवय झाली होती की रेघांकडे बघत मी डबाही खात असे.

नळीतून मी सालीच्या काढ्याचे दहा थेंब सोडले होते. आधी काहीच झालं नाही. मग लेखणी जरा वर गेली, मग आणखी वर, आणि बघता बघता प्रत्येक ठोक्याला दुप्पट उंचीची रेघ ओढू लागली. सकाळपासून चालून दमलेलं ते हृदय आखाड्यात उतरल्यासारखं शड्डू ठोकत होतं.

“सरोज,” सर हळूच म्हणाले, “सादडा बोलला गं.”

आणि ज्यांचा पायरव ऐकून मुलं जिन्यात थिजायची, ते घारपुरे सर चक्क धावत बाहेर गेले आणि वर्गातल्या पोरांना हाताला धरधरून घेऊन आले. “बघा, नीट बघा. श्वास रोखून बघा. टेबलाला कुणी टेकू नका!”

ही गोष्ट एक्याऐंशी सालची. मी सरोज मगदूम, वय सव्वीस, जिल्ह्याच्या गावातल्या एका फार्मसी कॉलेजात पीएच.डी. करत होते. अर्जुनसादडा हे नदीकाठचं झाड. त्याची साल दुधात उकळून छातीच्या दुखण्यावर द्यायची रीत आपल्याकडे कितीतरी पिढ्यांची. त्या सालीत नेमकं काय आहे, आणि ते वेगळं काढून थकलेल्या हृदयासाठी औषध म्हणून वापरता येईल का, हा माझा विषय. खरं तर तो सरांचा विषय होता. अकरा वर्षं ते या सालीच्या मागे लागले होते आणि मेडिकल कॉलेजातले डॉक्टर त्यांना ‘पाचोळा प्रोफेसर’ म्हणायचे. तोंडावर नाही, पण सरांना ऐकू जाईल इतपत मोठ्यानं.

सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. दिल्लीहून एक समिती येणार होती. तिला आमचं काम पटलं तर हृदयावरच्या वनौषधींसाठी कॉलेजात वेगळा विभाग निघणार होता. नाही पटलं तर सरांबरोबर सादडाही निवृत्त होणार, आणि माझा प्रबंध कपाटात. त्या उंच रेघांचा कागद सरांनी स्वतःच्या हातानं लाखेच्या द्रावणात बुडवून पक्का केला आणि दुसऱ्याच दिवशी समितीला पत्र घातलं: या, प्रत्यक्ष दाखवतो.

मी घरी गेले ती हवेत. आई दारातच उभी होती. आम्ही जैन. मुलगी बेडूक मारते हे आईनं गिळलं होतं, पण पचवलं नव्हतं. कॉलेजातून आलं की आधी आंघोळ, मग स्वयंपाकघराचा उंबरठा, हा तिचा नियम. वडील सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. त्यांना माझा अभिमान होता, म्हणून आई मला थांबवत नव्हती इतकंच. पहिल्या दिवशी ती मला एकच वाक्य बोलली होती, “इतकं जीव घेतीस, तर निदान त्यातनं निघंल ते खरं तरी असू दे.”

“आई, आज लेखणी अश्शी उडाली!” मी हात वर करून दाखवलं.

“बरं झालं. आधी आंघोळ कर.”

आता ही साल कुठून आली ते सांगायला हवं.

पहिलं वर्षभर मी बाजारातली साल वापरली. एक पुडा हृदयाला उभारी द्यायचा, दुसरा काहीच करायचा नाही, तिसरा ते बंद पाडायचा. सर वैतागून म्हणाले, “एक झाड धर. एकच. कुणी काढली, कधी काढली, सगळं माहीत असलेली साल आण.” म्हणून मी मलकापूरच्याही वर, कडवी नदीच्या अंगाला असलेल्या एका धनगरवाड्यावर जाऊन पोचले. तिथे बयाजी कोकरे नावाचे सत्तरीचे गृहस्थ होते. शेळ्या राखायचे आणि आजूबाजूच्या वैद्यांना मुळ्या-साली पुरवायचे.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला परत पाठवायची तयारी केली. “आज न्हाई मिळायची साल.”

“का? झाड तर समोर दिसतंय.”

“त्येला सांगितलंय का? आदल्या दिशी सांजच्याला जायाचं, सुपारी ठेवायची, आवतान द्यायचं. उद्या येतो, पोरास्नी औशद पायजे, राग धरू नगंस, म्हनायचं. मग दुसऱ्या दिशी हात लावायचा. आन् पायताण काढ आदी.”

मी चपला काढल्या नाहीत. मनातल्या मनात हसले आणि त्यांच्या घरी मुक्काम केला, कारण दुसरा इलाज नव्हता. सकाळी त्यांनी उगवतीच्या अंगाची हातभर साल बेतानं काढली आणि झाडाच्या जखमेवर शेणमाती लिंपली. माझ्या वहीत ‘साल गोळा करण्याची पद्धत’ असा रकाना होता. त्यात मी लिहिलं: ‘स्थानिक पद्धतीने’. सुपारी आणि आवतण लिहिलं तर परीक्षक हसतील असं मला वाटलं. त्यामुळे काहीच लिहिलं नाही, आणि पुढे काही विचारलंही नाही. मी तेव्हा फार शहाणी होते.

ती पहिली साल पावसाळ्यात बुरशीनं गेली. संपूर्ण पोतं. मी पुन्हा वर गेले आणि बयाजीबाबांच्या ओट्यावर बसून हमसून रडले. त्यांच्या कारभारणीनं मला शेळीच्या दुधाचा चहा पाजला. भादव्यात त्यांनी नवी साल मलकापूरला येणाऱ्या एका दूधवाल्याबरोबर पाठवून दिली, कडकडीत वाळलेली, बुरशीचा ठिपकाही नसलेली. त्याच सालीनं लेखणी उडवली होती.

समिती शुक्रवारी येणार होती. साल संपत आली होती. म्हणून आधीच्या शनिवारी मी पुन्हा धनगरवाड्यावर गेले. या खेपेला उत्साहात होते. बयाजीबाबांना सांगितलं, “तुमच्या झाडानं कमाल केली. दिल्लीचे लोक बघायला येतायत.”

“माजं कुटलं झाड? त्येचं त्येनंच केलं,” ते म्हणाले. पण खूश झाले. संध्याकाळी आवतण दिलं. मी चपला घालूनच लांब उभी राहिले.

रविवारी सकाळी साल काढून झाली. मी ओट्यावर चहा पीत होते. बयाजीबाबांनी सालीचे तुकडे पाटीत घेतले आणि अंगणातल्या एका मोठ्या मडक्यात बुडवायला सुरुवात केली. मडक्यातल्या पाण्यावर पांढरी साय होती.

“हे काय करताय बाबा?”

“चुन्याची निवळी हाय. हितं बुडवून वाळवली की बुरशी धरत न्हाई. कुडाला रोवायच्या मेढी बी मी आश्याच बुडवतो.”

“मागच्या सालीलाही हे केलं होतं?”

“मग! तू हितं बसून किती रडलीस. कारभारीन म्हनली, पोरीचं सामान आता जपून द्या. म्हनून तुजी येक डाव न्हाई, दोन डाव बुडवली.” एवढं बोलून ते कौतुकाची वाट बघत माझ्याकडे हसून बघू लागले.

मी कप खाली ठेवला.

चुन्यात असतं कॅल्शियम. आणि कॅल्शियम मिळालं की कुठलंही हृदय उसळी मारतं, हे औषधशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. मी ते स्वतः मुलांना शिकवत होते. म्हणजे लेखणी उडाली ती सादड्यानं नव्हे, बाजारातून आणलेल्या कळीच्या चुन्यानंसुद्धा उडाली असती. अकरा वर्षांनी सादडा बोलला म्हणून सर धावत सुटले होते, आणि बोललं होतं ते मडकं.

“वाईट झालं का काय?” माझा चेहरा बघून बयाजीबाबांनी विचारलं.

“नाही, नाही. छान केलंत.” मी साफ खोटं बोलले. “फक्त यातली निम्मी साल मला तशीच द्या. न बुडवता.”

“बुरशी धरंल.”

“धरू दे बाबा.”

ते नाराज झाले, पण दिली.

एसटीत मी दोन्ही पोतड्या पायाशी घेऊन बसले. चूक झाली की नाही हे ठरवायला एक साधी परीक्षा असते. साल जाळायची. झाडानं तयार केलेलं जे काही द्रव्य असेल ते जळून जातं. चुना जळत नाही, तो राखेत उरतो. राख सौम्य आम्लात विरघळवून त्या पाण्याचा आंबटपणा मारायचा आणि हृदयावर सोडायची. राखेनंही लेखणी तेवढीच उडाली, तर श्रेय झाडाचं नाही. ही परीक्षा मी आधीच करायला हवी होती. पण लेखणी अशी उडत असताना स्वतःच्या हातानं राख करून बघायची बुद्धी कुणाला होते?

सोमवारी सकाळी उरलेल्या जुन्या सालीवर मी ती केली. प्रयोगशाळेत मी एकटीच होते. राखेच्या पाण्याचे दहा थेंब सोडले आणि मनातल्या मनात म्हटलं, उडू नकोस.

लेखणी उडाली. तितकीच. आधीचा कागद शेजारी धरला असता तर कुठला कशाचा हे मलाही सांगता आलं नसतं.

मी स्टुलावर बसले. मनात एक विचार आला आणि तो आला होता हे मी आजही लपवत नाही. हे फक्त मला माहीत आहे. शुक्रवारपर्यंत मी गप्प बसले, तर विभाग निघेल. विभाग निघाला की खरं शोधायला दहा वर्षं मिळतील. किती सोयीचा विचार होता तो! मग समोरच्या तबकातला उघडा पडलेला बेडूक दिसला आणि आईचं वाक्य आठवलं. मी उठले आणि सरांच्या खोलीत गेले.

सर समितीसाठी तक्ते रंगवत होते. मी दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवले.

“हा दुसरा कशाचा?”

“राखेचा.”

त्यांनी ब्रश खाली ठेवला. “राख करायला कुणी सांगितलं होतं तुला?”

“कुणी नाही, सर.” मी सगळं सांगितलं. मडकं, निवळी, दोनदा बुडवलेली साल.

सरांनी तक्ता बाजूला सारला. “शुक्रवारी समिती येते,” ते म्हणाले.

“हो.”

“ही राख तू शुक्रवारनंतर केली असतीस तर...”

मग एकदम त्यांना राग आला. “काय तो अडाणी म्हातारा! औषधाच्या सालीला चुना! कळत नाही तर निदान विचारावं तरी!”

“सर, त्यांनी मला विचारलं नाही हे खरं. पण मीही त्यांना विचारलं नाही.” मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. “हे बघा काय लिहिलंय मी. स्थानिक पद्धतीने. कुठली पद्धत, एक अक्षर नाही. त्यांनी मडकं लपवून ठेवलं नव्हतं सर. अंगणात होतं.”

सरांनी ते पान वाचलं. वहीच्या प्रत्येक पानाखाली मार्गदर्शकाची सही लागते. त्या पानाखालीही होती.

“खाली सही कुणाची आहे?” त्यांनी विचारलं.

मी सहीवर बोट ठेवलं.

“माझी आहे,” सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि एकदम त्यांच्या नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाले, “न बुडवलेली साल आणलीस का?”

“हो.”

“ती शुद्ध अल्कोहोलमध्ये घाल. चुन्याचे क्षार त्यात जवळजवळ उतरतच नाहीत. झाडाचं स्वतःचं काही असेल तर ते उतरेल. अल्कोहोल उडवून टाक, खाली राहील ते हृदयावर सोड. आणि त्याचीही राख कर. चार दिवस आहेत.”

“आणि सर, काही नाहीच निघालं तर?”

“तर समितीला चहा पाजू आणि खरं सांगू. जा आता, बसलीस काय!”

त्या क्षणी मला वाटलं, या माणसाला ‘पाचोळा प्रोफेसर’ म्हणणाऱ्या सगळ्यांना इथे आणून उभं करावं.

चार दिवस आम्ही दोघं घुबडासारखे जागे होतो. सर स्वतः कागदांना काजळी धरत बसले, धोतराचा सोगा काळा करून घेतला. अल्कोहोलमधून उतरलेला अर्क तळाशी तपकिरी डिंकासारखा राहिला. बुधवारी दुपारी तो पहिल्यांदा हृदयावर सोडला.

लेखणी उडाली नाही. मी डोळे मिटले.

“डोळे उघड,” सर म्हणाले.

रेघा वाढत होत्या. अगदी थोड्या. आधीच्या रेघेपेक्षा जेमतेम नखभर उंच. पण वाढल्या आणि वाढलेल्या राहिल्या. सरांनी खिशातून भिंग काढलं आणि कागदाला नाक लावून मोजलं. मग अर्काची राख सोडली. रेघा जिथल्या तिथे. पुन्हा अर्क, पुन्हा नखभर. गुरुवार संध्याकाळपर्यंत सहा बेडकांपैकी पाचांनी तेच सांगितलं. सहाव्यानं काहीच सांगितलं नाही, आणि तेही वहीत लिहिलं.

शुक्रवारी समिती आली. तिघे जण होते. प्रमुख होत्या डॉ. सबनीस म्हणून साठीच्या एक बाई, पांढरी सुती साडी, आवाज बारीक. त्यांच्या बारीक आवाजातल्या प्रश्नांनी भलेभले प्रोफेसर घामाघूम होतात असं आम्ही ऐकून होतो. मेडिकल कॉलेजातलेही चार डॉक्टर मजा बघायला येऊन मागे उभे राहिले होते.

सर म्हणाले, “प्रयोग सरोज मगदूम दाखवतील.” आणि ते बाजूला झाले.

मी आधी चुन्यातल्या सालीचा काढा सोडला. लेखणी उडाली. समितीतले एक गृहस्थ ‘अरे वा’ म्हणाले. मागचे डॉक्टर एकमेकांकडे बघायचे थांबले. अजूनही वेळ होती. मी तिथेच थांबले असते तर त्या खोलीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

“आता याच सालीची राख सोडते,” मी म्हणाले.

लेखणी तशीच उडाली. मग मागे कुणीतरी फिसकन हसलं.

“म्हणजे सादड्यानं काहीच केलं नाही,” सबनीसबाई म्हणाल्या.

“या कागदावर नाही.”

“मग हे आम्हाला दाखवलंत कशाला?”

“कारण तुम्हाला पत्र पाठवलं ते अशाच उडीच्या भरवशावर, बाई. ते चुकीचं होतं हे आम्हीच सांगायला हवं.” मी अर्काची बाटली पुढे ओढली. “आता एक लहान गोष्ट दाखवते.”

मी अर्क सोडला. मागच्यांना काही दिसणं शक्यच नव्हतं. सबनीसबाई उठल्या, पदर खोचला आणि कागदापाशी वाकून उभ्या राहिल्या. अर्क, रेघ. राख, काही नाही. पुन्हा अर्क. त्यांनी हात पुढे केला तेव्हा सरांनी त्यांच्या हातात भिंग दिलं.

“चुना सालीत आला कसा?” भिंगातून बघतच त्यांनी विचारलं.

सरांनी तोंड उघडलं, पण मी आधी बोलले. “साल काढून देणारे बयाजी कोकरे म्हणून आहेत. माझी साल बुरशीनं जाऊ नये म्हणून त्यांनी ती जपली. ते साल कशी काढतात, मग काय करतात, हे विचारायचं काम माझं होतं. मी विचारलं नाही.”

“आणि न विचारता लिहिलेल्या पानावर मी सही केली,” सर म्हणाले.

सबनीसबाई सरळ उभ्या राहिल्या. “मला गावोगाव मोठमोठ्या उड्या दाखवतात,” त्या म्हणाल्या. “स्वतःच्या उडीची राख करून दाखवणारे मी आज पहिल्यांदा बघतेय.” आणि मागे वळून त्या डॉक्टरांना म्हणाल्या, “पुढे येऊन बघा ना. तिथून नाही दिसायचं.”

ते आले. एकेक करून वाकले. सर माझ्या शेजारी उभे होते. त्यांचं धोतर काजळीनं काळं झालं होतं आणि मान ताठ होती. मला माझ्या आयुष्यात त्यानंतर पुरस्कार मिळाले, शाली मिळाल्या. पण त्या खोलीत सरांच्या शेजारी उभं राहताना वाटला तेवढा अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

घरी गेले. दारातच सगळं सांगितलं. उडी खोटी निघाली, नखभर रेघ खरी निघाली, आणि दोन्ही समितीला सांगितलं. विभाग निघेल की नाही, माहीत नाही. आई ऐकत राहिली. मी न्हाणीघराकडे वळले तशी तिनं माझा दंड धरला.

“ऱ्हाऊ दे. ये, आधी जेव,” ती म्हणाली आणि मला तशीच स्वयंपाकघरात घेऊन गेली.

महिन्याभरानं पत्र आलं. वेगळा विभाग मिळाला नाही, पण दोन खोल्या आणि तीन वर्षं मिळाली. पुढे त्या तीन वर्षांची तीस झाली. त्या तपकिरी डिंकातून आम्ही एकेक द्रव्य वेगळं काढत गेलो. काही निकामी निघाली, काहींनी आशा दाखवली. त्या नखभर रेघेची गोळी काही अजून झालेली नाही, आणि झाली असं मी कुणाला सांगू देत नाही. आज माझ्या विद्यार्थिनी तेच काम माझ्याहून चांगल्या यंत्रांवर करतात. त्यांच्या वहीतला पहिला रकाना मात्र मी आखून दिलेला आहे: ‘ज्यांनी गोळा केलं त्यांचं नाव, आणि त्यांनी काय काय केलं, त्यांच्याच शब्दांत.’

पण मला सांगायचं आहे ते त्या पत्रानंतरच्या आठवड्याचं. मी धनगरवाड्यावर गेले. बरोबर तो नखभर रेघेचा कागद, लाखेत पक्का केलेला. बयाजीबाबा झाडाखालीच शेळ्या घेऊन बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. निवळीचंही. न सांगता भागलं असतं, पण एकदा खोटं बोलून झालं होतं.

त्यांचा चेहरा उतरला. ते काठीनं माती उकरू लागले.

“झाडाला इचारल्याबिगर मी नख लावत न्हाई,” ते म्हणाले, “आन् तुला न इचारता चुना घातला.”

“मी तरी कुठं विचारलं बाबा? त्याआधी दोनदा आले होते तुमच्याकडे. एकदाही विचारलं नाही.”

“मंग दोगं बी चुकलो म्हन की.”

“दोघंही.”

ते जरा हसले. मग त्यांनी हात पुढे केला. “दाव बगू, काय निगालं ते.”

मी कागद दिला. त्यांनी तो उन्हात धरला, जवळ नेला, लांब नेला. मी नखानं रेघ दाखवली. इथपर्यंत आधी, आणि इथून पुढे अर्क सोडल्यावर.

“येवडंच?”

“एवढंच. पण हे चुन्याचं नाही बाबा. हे झाडाचं आहे.”

“झाडाचं सवताचं?”

“स्वतःचं.”

ते उठले. कागद दोन्ही हातांत धरून सादड्याच्या बुंध्यापाशी गेले आणि साल काढलेल्या जागेसमोर तो उभा धरला. जखम भरत आली होती, कडेनं नवी साल चढत होती. “बग बाबा,” ते झाडाला म्हणाले, “तुजं हाय. ह्या पोरीनं दिल्लीवाल्यांम्होरं खरं सांगितलं, म्हनून तुजं तुला मिळालं.”



उन्हं कलली होती. दुसऱ्या दिवशी साल काढायची होती, म्हणजे आवतण आजच द्यायला हवं होतं. बयाजीबाबांनी कनवटीची सुपारी काढली. मी चपला काढून बाजूला ठेवल्या. त्यांनी ते पाहिलं, पण बोलले काही नाहीत. फक्त पुढे आले आणि सुपारी माझ्या तळहातावर ठेवली.

“आजपातूर मी इचारत आलो,” ते म्हणाले. “आता तू इचार.”